मोबाइलवरचं चर्चासत्र: धडगावपासून रावेरपर्यंत सगळ्यांना बोलता येईल असं

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे तीन जिल्हे येतात. एम.ए.च्या एकाच वर्गात रावेरच्या केळीपट्ट्यातली मुलं भेटतात, साक्री-पिंपळनेरकडची भेटतात आणि सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडचीही भेटतात. अशा वर्गाचं चर्चासत्र ऑनलाइन घ्यायचं ठरलं की बहुतेक विभाग पहिल्यांदा व्हिडिओ मीटिंगची लिंक तयार करतात. तिथेच गाडी रुळावरून घसरते. डोंगरातल्या मुलीला एका ठरावीक पाऊण तासात रेंज मिळेलच असं नाही. गावात वीज असेल याचीही खात्री नसते, आणि घरातला एकच फोन त्या वेळी भावाच्या हातात असू शकतो. मग शहरातली चार-पाच मुलं बोलतात आणि बाकीची यादीत हजर राहतात.

क्रम उलटा केला की हे चित्र बदलतं. आधी सात-आठ दिवस लेखी चर्चा सावकाश चालवायची आणि थेट बैठक सगळ्यात शेवटी, फक्त चाळीस मिनिटांची घ्यायची. ज्याची रेंज सगळ्यात कमकुवत आहे, त्याला पूर्ण भाग घेता येतो का, हे विचारूनच प्रत्येक पायरी ठरवायची. पुढची सगळी रचना याच पायावर उभी आहे.

कोणतं ॲप घ्यावं

पदव्युत्तर वर्गासाठी आमची पहिली पसंती व्हॉट्सअ‍ॅप. कारण साधं आहे: ते प्रत्येकाकडे असतं, कमी रेंजमध्येही मजकूर पोचतो आणि कोणाला नवीन काही शिकवावं लागत नाही. त्याचे दोष मात्र ठाऊक हवेत. सगळी चर्चा एकाच धाग्यात वाहत जाते, नंतर आलेल्याला आधीचं बोलणं आपोआप दिसत नाही आणि प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो.

टेलिग्राममध्ये हे तिन्ही दोष बऱ्यापैकी दूर होतात. ग्रुपमध्ये विषयवार कप्पे पाडता येतात, म्हणजे पहिल्या चर्चासत्राचं बोलणं दुसऱ्यात मिसळत नाही. नव्या सभासदाला जुना मजकूर दाखवायची सोय आहे. सेटिंगमधल्या प्रायव्हसीत जाऊन आपला नंबर कोणालाही दिसणार नाही असं करता येतं. सत्रभर सहा-सात चर्चासत्रं घ्यायची असतील आणि वर्ग तयार असेल, तर टेलिग्राम जास्त सोयीचं. पण निम्म्या वर्गाला ते केवळ आपल्यासाठी नव्याने घ्यावं लागणार असेल, तर ती मुलं दोन दिवसांनी ते उघडायचीच विसरतात. एक-दोन चर्चासत्रांसाठी हा खटाटोप करू नये.

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर वर्गाची चर्चा घेऊ नये. तिथे विद्यार्थी अख्ख्या गावासमोर बोलतो, आणि अर्धवट विचार मांडायला कचरतो. चर्चासत्रात तर अर्धवट विचारच मांडायचे असतात. बाहेरच्या पाहुण्याचं खुलं व्याख्यान जाहीर करायला ही माध्यमं चांगली आहेत, तेवढंच त्यांचं काम.

ग्रुप बांधताना

वर्गाचा जो ग्रुप आधीपासून आहे, त्यात चर्चासत्र घेऊ नका. त्यात परीक्षा फॉर्मच्या सूचना, वाढदिवस आणि सकाळच्या फुलांचे फोटो येत राहणार. नवा ग्रुप काढा, नावात विषय आणि सत्र लिहा आणि वर्णनाच्या जागी नियम टाका.

एका ग्रुपमध्ये बारा ते सोळा जण ठीक. वीसच्या पुढे गेलं की दिवसाला साठ-सत्तर संदेश होतात आणि कापूस वेचून संध्याकाळी फोन हातात घेणारा विद्यार्थी ते वाचूच शकत नाही. वर्ग चाळीसचा असेल तर तीन ग्रुप करा आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या कम्युनिटीत एकत्र बांधा. कम्युनिटीच्या सूचना विभागात फक्त ॲडमिन लिहू शकतात, आणि तिथे सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. वेळापत्रक तिथे टाकायचं, चर्चा लहान ग्रुपमध्ये करायची. ग्रुप पाडताना तालुक्यांची सरमिसळ मुद्दाम करा. सगळे शहाद्याचे एका ग्रुपमध्ये गेले, तर एकमेकांना सांगण्यासारखं नवीन काही उरत नाही.

ग्रुपच्या परवानग्यांमध्ये चार गोष्टी पहिल्याच दिवशी करून टाका. ग्रुपची माहिती बदलण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवा. तो सगळ्यांना असला तर कोणीही सभासद आपोआप गायब होणाऱ्या संदेशांची सोय चालू करू शकतो, आणि मग आठवड्यापूर्वीच्या नोंदी नाहीशा होतात. नवे सभासद घेण्याचा अधिकारही ॲडमिनकडेच ठेवा. जोडणीची लिंक पाठवणार असाल तर मंजुरीची अट लावा, कारण लिंक बाहेर जातेच. आणि संदेशांवरची प्रगत गोपनीयतेची सोय बंद आहे ना ते पाहा, कारण ती चालू असेल तर शेवटी चर्चा फाइलमध्ये उतरवून घेता येत नाही.

प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या फोनमध्ये एक बदल करायला सांगा: सेटिंगमधल्या स्टोरेज आणि डेटा विभागात जाऊन फोटो, व्हिडिओ आणि फाइल आपोआप उतरणं बंद करायचं. स्वस्त फोनची जागा भरली की व्हॉट्सअ‍ॅप अडखळतं आणि दोष मात्र रेंजला दिला जातो.

वाचायचा मजकूर

चर्चा कशावर करायची तो मजकूर आठ-दहा पानांचा असावा. फोनवर पंचवीस पानं कोणी वाचत नाही, आणि न वाचता झालेली चर्चा म्हणजे नुसती मतं.

उदाहरणासाठी एक चर्चासत्र घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. ब्रिटिश काळातले भाषाभ्यासक जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातल्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात खानदेशी म्हणजे आपली अहिराणी मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ली भाषांच्या सोबत ठेवली आहे. मराठी, भाषाविज्ञान किंवा समाजशास्त्राच्या वर्गासाठी हा मजकूर उत्तम. त्याचा स्वामित्वहक्क संपलेला असल्यामुळे पानं निर्धास्तपणे वाटता येतात. नव्या पुस्तकांच्या बाबतीत तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अभ्यास आणि समीक्षेसाठी काही भाग वापरायची सवलत आहे, पण अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकणं त्यात बसत नाही. लागेल तेवढा भागच द्या.

मजकूर तयार करताना दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला आकाराचा. फोनने पानांचे फोटो काढले तर एकेक फोटो तीन-चार एमबीचा होतो, आठ पानांचे तीस एमबी. रेंज नसलेल्या गावात हे उतरतच नाही. गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये स्कॅन करण्याची सोय आहे. ती वापरा, कृष्णधवल पर्याय निवडा आणि सगळी पानं एका पीडीएफमध्ये बसवा. सगळी मिळून दोन-तीन एमबीच्या आत येतात. पानं ग्रुपवर फोटो म्हणून कधीच पाठवू नका, फाइल म्हणून पाठवा. फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, आणि बारीक अक्षरं फुटतात.

दुसरा घोळ फॉन्टचा. अनेक प्राध्यापकांची जुनी टिपणं युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही फोनवर सारखीच अक्षरं दाखवणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये असतात. संगणकावर ती छान दिसतात, पण तोच मजकूर ग्रुपवर चिकटवला की नुसती चिन्हं आणि रोमन अक्षरं उमटतात. पाठवण्याआधी मजकूर स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून पाहा. बिघडलेला दिसला तर युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्य’ नीट उमटले आहेत का हे डोळ्यांनी तपासा. यंत्र हमखास तिथेच चुकतं. छापील पानाचा मजकूर हवा असेल तर पीडीएफ ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडायची. मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात, पण एकदा मुद्रितशोधन करावंच लागतं.

मजकूर इंग्रजीत असेल, तर सूत्रधाराने, म्हणजे चर्चा चालवणाऱ्या प्राध्यापकाने, एका पानाचा मराठी सारांश सोबत द्यावा. यात कमीपणा नाही. चर्चा भाषेच्या प्रश्नावर व्हायची आहे, इंग्रजीच्या परीक्षेवर नव्हे.

प्रश्न: अर्धी मेहनत इथे घाला

“अहिराणी ही मराठीची बोली आहे की स्वतंत्र भाषा?” हा प्रश्न ग्रुपवर टाकून पाहा. पहिल्या तासाभरात वीस उत्तरं येतील, सगळी अभिमानाची, आणि मजकूर एकानेही उघडलेला नसेल. दुसऱ्या दिवशी वाद व्यक्तीवर जाईल आणि तिसऱ्या दिवशी ग्रुप थंड पडेल. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच खिशात आहे, तो प्रश्न चर्चासत्राच्या कामाचा नाही.

चांगल्या प्रश्नाला तीन अटी लावा. मजकूर उघडल्याशिवाय उत्तर देता येऊ नये. प्रत्येकाच्या गावातून वेगळं उत्तर यावं. आणि उत्तरात निदान एक गोष्ट अशी असावी, जी विद्यार्थ्याला उठून कोणाला तरी विचारावी लागेल. या तीन अटी पाळल्या की नक्कल आपोआप कमी होते. आजकाल एआयकडून लिहून घेतलेल्या नोंदी सर्रास येतात. त्या ओळखू येतात, कारण सगळ्या सारख्या गुळगुळीत असतात, पण सिद्ध करणं कठीण. एआय पकडणारी साधनं मराठीसाठी भरवशाची नाहीत, त्यांच्या जोरावर कोणाचे गुण कापू नका. साठीतल्या आजीने म्हटलेलं वाक्य मात्र कुठलंही यंत्र घरी बसून देऊ शकत नाही.

चर्चा उघडणारा संदेश असा लिहिता येईल:

“चर्चासत्र २ : खानदेशीची लक्षणं
वाचन : वर पिन केलेली पीडीएफ, आठ पानं आणि मराठी सारांश.
प्रश्न : मजकुरात दिलेल्या लक्षणांपैकी एक निवडा, पान क्रमांक लिहा. ते आज तुमच्या गावात ऐकू येतं का? साठीच्या पुढच्या एका व्यक्तीचं आणि विशीच्या आतल्या एकाचं, असं एकेक वाक्य जसंच्या तसं द्या. फरक असेल तर तुमच्या मते का, ते दोन-तीन वाक्यांत.
शब्द : १२० ते १५०. किंवा दोन मिनिटांपर्यंतचा आवाजी संदेश, त्याखाली दोन ओळींचा लेखी सारांश.
मुदत : बुधवार रात्री १० पर्यंत.
गुरुवार-शुक्रवार : इतरांच्या कोणत्याही दोन नोंदींना एकेक प्रश्न विचारा. ‘छान’, ‘सहमत’ किंवा अंगठा हे उत्तर धरलं जाणार नाही.
बोली : अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिली, जी येत असेल ती. शेवटचं टिपण प्रमाण मराठीत.”

शेवटच्या ओळीवर विशेष भर द्यायला हवा. आपल्याकडची हुशार मुलं वर्गात गप्प बसतात, त्यातल्या कितीतरी जणांना प्रमाण मराठीत चुकण्याची धास्ती असते. घरच्या बोलीत लिहायची मोकळीक दिली की तीच मुलं पानभर लिहितात. ज्यांना ती बोली कळत नाही ते अर्थ विचारतात, आणि तिथून खरी चर्चा सुरू होते.

आठवड्याचा क्रम

शुक्रवारी पीडीएफ आणि सारांश टाका. दोन्ही पिन करा. व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी तीन संदेश पिन करू देतं, आणि मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस अशी विचारतं. ७ दिवस निवडले तर थेट बैठकीच्या आदल्या दिवशीच पिन निघून जाते. ३० दिवस निवडा.

याच दिवशी कामं वाटून द्या. सूत्रधार म्हणजे प्राध्यापक. एक जण मांडणी करेल, एक जण दुसरी बाजू लढवेल, आणि एक जण टिपणकार. प्रत्येक चर्चासत्रात माणसं बदलायची. टिपणकाराचं काम मुद्दाम बोलक्या मुलाला द्या. आठ दिवस इतरांचं नीट वाचावं लागलं की तो पुढच्या वेळी जास्त ऐकतो.

रविवारी संध्याकाळी मांडणी येते. ती साडेतीनशे-चारशे शब्दांची असावी, पण एका दमात टाकू नये. लांबलचक संदेशाचा वरचा भागच वाचला जातो, पुढचं उघडायचे कष्ट कोणी घेत नाही. तीन तुकडे करा आणि त्यांना १/३, २/३, ३/३ असे क्रमांक द्या. तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी उघडणारा प्रश्न पुन्हा यावा.

सोमवार ते बुधवार स्वतःच्या नोंदी. इथे मुदत महत्त्वाची, वेळ नाही. कोणी पहाटे पाचला लिहील, कोणी एसटीत बसून, कोणी रात्री मोटर चालू करून शेतातून परतल्यावर. ऑक्टोबर ते डिसेंबरात कापसाची वेचणी चालू असते, तेव्हा मुदत एक दिवस वाढवून द्या. बुधवारी सकाळी, ज्यांची नोंद आलेली नाही त्यांना वैयक्तिक संदेश पाठवा. ग्रुपवर नावं जाहीर करू नका. नावं जाहीर केली की मुलगा काहीतरी चिकटवून मोकळा होतो.

गुरुवार-शुक्रवार प्रश्नोत्तरं. उत्तर देताना मूळ संदेश ओढून त्यालाच जोडून लिहायचं, हा नियम कडक ठेवा. चौदा जणांच्या गर्दीत न जोडलेलं उत्तर कोणाला आहे हे कळत नाही. लिहिलेलं सुधारायचं असेल तर पहिली पंधरा मिनिटंच बदल करता येतो. त्यानंतर चूक लक्षात आली तर संदेश पुसू नये; त्यालाच जोडून ‘दुरुस्ती’ असं लिहून नवा टाकावा. मत का बदललं हे चर्चेत दिसायला हवं, आणि पुसलेल्या संदेशावर आलेली उत्तरं लोंबकळत राहतात.

मतदानाची सोय बैठकीची वेळ ठरवायला उत्तम. एकाहून जास्त उत्तरं निवडायचा पर्याय वेळ ठरवताना चालू ठेवा. वादाचा मुद्दा मात्र मतदानाने ठरवू नका.

चर्चा चालवणं

सूत्रधाराचं काम दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटांचं. दिवसभर ग्रुपवर राहणारा प्राध्यापक चर्चा मारतो, कारण प्रत्येक नोंदीवर त्याचं उत्तर आलं की मुलं एकमेकांशी बोलत नाहीत, सरांशीच बोलतात. नवी नोंद आली की निदान अर्धा दिवस थांबा. दुसऱ्या विद्यार्थ्याला आधी बोलू द्या.

बोलायचं तेव्हा कौतुकापेक्षा पुढचा प्रश्न जास्त कामाचा. समजा, पारोळ्याकडच्या एकीने लिहिलं: “आमची आजी ‘माले पानी दे’ म्हणते, लहान भाऊ ‘मला पाणी दे’ म्हणतो. शाळेमुळे बोली गेली.” यावर “छान निरीक्षण” लिहिलं की विषय संपला. त्याऐवजी विचारा: “भाऊ आजीशी बोलताना काय म्हणतो, आणि मित्रांशी काय? शाळेमुळे हे कशावरून ठरवलंत?” आता तिला पुन्हा घरात कान देऊन ऐकावं लागेल. कदाचित तोच भाऊ आजीशी ‘माले’ म्हणताना सापडेल, आणि बोली गेली की जागा पाहून बदलते, असा नवा प्रश्न उभा राहील.

मग यावलकडचा कोणी लिहितो: “आमच्या लेवा गणबोलीत ‘मले’ आहे. मग ‘ले’ हे फक्त अहिराणीचं लक्षण कसं?” असा संदेश आला की सूत्रधाराने तो लगेच वर काढायचा, सगळ्यांसमोर ठेवायचा आणि विचारायचं की मजकूर या लक्षणावर किती भार टाकतो. आठवडाभराच्या चर्चेत असे दोन-तीन क्षण येतात. ते हेरणं हेच सूत्रधाराचं खरं कौशल्य. बाकीचं वेळापत्रक आहे.

आवाजी संदेशांबद्दल मतभेद असतात. आमच्या मते ते हवेतच. टायपिंग जड जाणाऱ्यांना आणि बोलीचा हेल ऐकवायचा असेल तर दुसरा मार्ग नाही, आणि दोन मिनिटांचा संदेश अर्ध्या एमबीच्या आत बसतो. पण खाली दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत. आवाजात शब्द शोधता येत नाही, आणि एसटीच्या गोंगाटात तो ऐकूही येत नाही. टायपिंगचा कंटाळा असणाऱ्यांना कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोलायला सांगा, अक्षरं उमटत जातात. अहिराणी शब्द मात्र ते प्रमाण मराठीकडे ओढतं; ‘शे’ बोललं की भलतंच काही उमटू शकतं. बोलीतली वाक्यं हातानेच टाइप करावीत.

गावातल्या कोणाचा आवाज ध्वनिमुद्रित करून ग्रुपवर टाकायचा असेल, तर आधी त्या माणसाला विचारा. कुठे ऐकवला जाणार हे त्याच्या भाषेत सांगा. नाव लिहू नका, वय आणि गाव पुरे.

चर्चा तापली, जातीवर किंवा ‘तुमची भाषा अशुद्ध’ असल्या टोमण्यांवर गेली, तर सेटिंग बदलून काही तास फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करा. संदेश ॲडमिनला पुसताही येतो, पण पुसण्याआधी तो जपून ठेवा. तक्रार झाली तर लागेल. मग दोघांशी फोनवर बोला. ग्रुपवर समज देऊ नका.

शनिवारची थेट बैठक

चाळीस मिनिटं पुरेत. झूमच्या मोफत खात्यावर बैठक तेवढीच चालते. गूगल मीट मोफत खात्यावर तिघांहून जास्त असतील तर साठ मिनिटं देतं. बारा-सोळा जणांना व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप कॉलही चालतो, त्यात ३२ जणांपर्यंत येतात, आणि खेड्यातल्या मुलांना तोच सोपा पडतो. कॅमेरे बंद. व्हिडिओ चालू ठेवला तर तासाभरात अर्धा ते एक जीबी सहज जातो, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकचा मोठा भाग.

पहिली तीन मिनिटं टिपणकाराची: आठवड्यात कुठे एकमत झालं आणि कोणते दोन मुद्दे सुटले नाहीत. मग फक्त त्या दोन मुद्द्यांवर बोलायचं. आठवड्याची चर्चा पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसलात की वेळ गेला. बोलण्याच्या क्रमात कमकुवत रेंजवाल्यांना सगळ्यात आधी ठेवा, नंतर त्यांची लाइन राहील याचा नेम नाही. लाइन तुटली तर त्याने दोन मिनिटांत आवाजी संदेश ग्रुपवर टाकायचा आणि टिपणकाराने तो बैठकीत वाजवायचा. हे आधी ठरलेलं असलं की कोणी घाबरत नाही. सूत्रधारानेही आपला फोन चार्ज करून, वायफायसोबत मोबाइल डेटाची सोय हाताशी ठेवूनच बसावं. सूत्रधाराचीच वीज गेली तर बैठक कोण चालवणार, त्याचं नाव शुक्रवारीच सांगून ठेवा.

गुण

अंतर्गत मूल्यमापनात याला २० गुण असतील तर विभागणी अशी करता येईल: स्वतःची नोंद ८ (मजकुराचा नेमका संदर्भ ३, स्वतः गोळा केलेलं उदाहरण ३, तर्क २), इतरांना विचारलेले प्रश्न ६, शेवटचं टिपण ४, थेट बैठक २. बैठकीला मुद्दाम कमी गुण आहेत, कारण रेंजवर कोणाचे गुण जाऊ नयेत. संदेशांची संख्या मोजून गुण देऊ नका. तसं केलं की शुक्रवारी रात्री नऊ ते दहा या तासात पन्नास ‘सहमत’ येऊन पडतात. विभागणी पहिल्याच दिवशी ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवा.

ज्याच्याकडे स्वतःचा फोन नाही, त्याला तेच काम कागदावर करायला द्या. मित्राने त्याच्या नोंदीचा फोटो त्याच्या नावाने ग्रुपवर टाकावा, आणि आलेले प्रश्न कॉलेजात भेटून त्याला सांगावेत.

मुलींचे नंबर

हा प्रश्न गौण समजला जातो, आणि त्यामुळेच अनेक मुली ग्रुपमध्ये येतात पण लिहीत नाहीत. नंबर दिसला की रात्री-अपरात्री संदेश सुरू होतात, आणि घरी कळलं तर फोन काढून घेतला जाईल या भीतीने त्या गप्प बसतात. पहिल्याच दिवशी सगळ्यांना फोटो आणि ‘शेवटचं कधी पाहिलं’ हे फक्त ओळखीच्या नंबरांना दिसेल असं ठेवायला सांगा. नियमात स्पष्ट लिहा: अभ्यासासाठीसुद्धा वैयक्तिक संदेश परवानगीशिवाय नाही. स्क्रीनशॉट ग्रुपबाहेर नाही. एक महिला प्राध्यापक ॲडमिन असावी आणि तक्रार कोणाकडे करायची ते नाव वर्णनात असावं. प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे. ऑनलाइन छळाची तक्रारही तिच्याकडे जाते. फीच्या नावाने बनावट लिंक येऊन कोणाचे पैसे गेले, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा.

टिपण आणि दप्तर

मंगळवारपर्यंत टिपणकार सातशे-आठशे शब्दांचं टिपण गूगल डॉक्समध्ये लिहितो आणि लिंक ग्रुपवर टाकतो. लिंक देताना बाकीच्यांना फक्त शेरा लिहायची परवानगी द्या, मजकूर बदलायची नको. नाहीतर दोघं एकाच वेळी लिहितात आणि परिच्छेद उडतो. टिपणात कोणी काय म्हटलं यापेक्षा कोणता पुरावा कुठून आला हे यावं: वाक्य, गाव, बोलणाऱ्याचं वय. सर्वेक्षणातली लक्षणं आणि आजची वाक्यं असा तक्ता शेवटी जोडला, तर पुढच्या वर्षीच्या वर्गाला आयतं साहित्य मिळतं आणि एखाद्याला लघुशोधप्रबंधाचा विषयही.

ग्रुपला दप्तर समजू नका. फोन बदलला, बॅकअप राहिला, की सगळं जातं. ग्रुपच्या पर्यायांमधून चर्चा निर्यात करा, मीडियाशिवाय, म्हणजे एक हलकी मजकूर फाइल मिळते. तिच्यात ज्यांची नावं जतन नाहीत त्यांचे नंबर तसेच येतात, ते काढून टाका आणि मगच विभागाच्या ड्राइव्हवर ठेवा. आवाजी संदेशांपैकी टिपणात वापरलेले तेवढे वेगळे उतरवून, फाइलला गाव आणि तारखेचं नाव द्या. निकाल लागून गुणांबद्दलच्या तक्रारींची मुदत संपली की सभासदांना एक दिवस आधी कळवा, सगळ्यांना ग्रुपमधून काढा आणि ग्रुप बंद करा.